पेटीवाल्याला काम लवकर मिळतं: नाशिकमधल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण

मुलगा अठरा वर्षांचा. बारावी सायन्स झालेली, सीईटीत बऱ्यापैकी गुण, नाशिकमधल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटरला प्रवेश मिळत होता. वाद्य हार्मोनियम. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही परीक्षा पूर्ण झालेली. वडील सातपूर एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, आई पतसंस्थेत, राहायला इंदिरानगरला. आजोबा पंचवटीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ते गेल्यावर ती पेटी घरी आली आणि आठ वर्षांचा नातू तिच्यापुढे बसला, एवढीच संगीताची पार्श्वभूमी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आमच्या क्लासेसमध्ये आठवी-नववीची गर्दी असते आणि दहावीचा निकाल लागला की निम्म्या पेट्या माळ्यावर जातात. हा मुलगा त्यातला नव्हता. दहावीनंतर त्याचं वाजवणं वाढलं. अकरावीपासून तो महिन्यातून दोनदा मुंबईला, दादरला, एका ज्येष्ठ वादकांकडे शिकायला जाऊ लागला. ते मोठमोठ्या गायकांची साथ केलेले. मी गाणं शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांच्या साथीला तो अधूनमधून यायचा, म्हणून आईवडील त्याला घेऊन माझ्याकडे आले.

वडिलांनी चहा यायच्या आतच विचारलं, "ताई, स्पष्ट सांगा. यात करिअर आहे का? म्हणजे पोट भरेल का?"

हा प्रश्न मला दरवर्षी जूनमध्ये कोणी ना कोणी विचारतंच. गाणाऱ्या मुलीचे पालक असते तर मी वेगळं काही बोलले असते. इथे मी मुलाला विचारलं, "सध्या महिन्याला किती मिळतात तुला?"

तो जरा घुटमळला. "पकडा चोवीस-पंचवीस हजार."

आईने वळून बघितलं. "एवढे?" वडील काहीच बोलले नाहीत. पोट भरेल का याचं उत्तर मुलाने आधीच देऊन ठेवलं होतं, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होत होती.

एका महिन्याची वही

पेटीवाल्याला काम लवकर मिळतं. गायकाला मैफल मिळायला तिशी उजाडते. सतारवाल्याला तर त्याहून उशीर. पेटी मात्र सगळ्यांनाच लागते: भजन, कीर्तन, नाट्यगीतं, भावगीतांचा कार्यक्रम, गायनाचा क्लास, शाळेचं गॅदरिंग. त्यात नाशिक हे तबल्याचं आणि कथकचं गाव. इथे तबल्याच्या शाळा जुन्या आहेत, कथकचे वर्ग गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत पसरलेले आहेत, आणि तबल्याचा सोलो असो की कथकचा तोडा, मागे लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवत राहणारी तीच ती सुरावट, धरायला पेटीवर कोणीतरी बसावंच लागतं. मोबाईलच्या ॲपवर लेहरा मिळतो हे खरं, पण बाईंनी मध्येच "थांब, परत सम घे" (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा) म्हटलं की ॲप ऐकत नाही. त्यामुळे स्वच्छ लयीचा मुलगा हाताशी असला की त्याला कोणी सोडत नाही.

मी त्याला एक महिना वही ठेवायला सांगितली. कमाईची वही त्याच्याकडे होतीच. तासांची ठेवायला सांगितली: पेटीवर हात किती वेळ होता आणि कशासाठी होता. महिन्याने तो वही घेऊन आला, तिचा गोषवारा असा. दोन कथक वर्गांत लेहरा, साधारण पन्नास तास. भजनं आणि मंदिरातले कार्यक्रम, चोवीस तास. एका भावगीतांच्या ग्रुपच्या तालमी, वीस तास. गुरुजींकडे प्रत्यक्ष तालीम, चार तास. घरी स्वतःचा रियाज, बावीस तास.

म्हणजे महिन्याला एकशेवीस तास पेटीवर हात, आणि त्यातले शिकण्यासाठीचे सव्वीस. बाकीचे चौऱ्याण्णव तास त्याने जे येत होतं तेच विकलं होतं. लेहऱ्याचे तासाला अडीचशे रुपये, कार्यक्रमाला दीड हजार, ग्रुपकडून महिन्याला तीन हजार. हिशेब चोख होता. आईने तो दोनदा वाचला.

लेहरा म्हणजे नेमकं काय, हे वडिलांना दाखवावं म्हणून आम्ही एका संध्याकाळी त्यातल्या एका कथक वर्गात जाऊन मागे बसलो. तीनताल, चंद्रकंसातला लेहरा. सोळा मात्रांचं एकच आवर्तन, पुन्हा तेच, पुन्हा तेच. पुढे बारा-पंधरा मुली तत्कार, म्हणजे पायांचे बोल, करतायत, बाई हाताने टाळी देतायत, तबला चालू. मुलाचा डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, आणि पेटीच्या वरच्या फळीवर एक पुस्तक उघडं. त्याने बारावीचे फिजिक्सचे प्रश्न असेच लेहरा धरून सोडवले होते, हे तेव्हा कळलं. बाईंनी "दुगुन" म्हटलं की लय चढायची, एक मात्राही न हलता. मग त्याची नजर परत पुस्तकात. वडिलांना फार कौतुक वाटलं. मलाही वाटलं. पण जे काम पुस्तक वाचत करता येतं त्याने कलाकार किती वाढेल, हेही त्या फळीवर उघडं पडलेलं होतं.

लेहऱ्याला मी कमी लेखत नाही. लय पक्की व्हायला त्यासारखं दुसरं काही नाही, आणि या मुलाची सम कधीच चुकत नाही त्याचं श्रेय याच संध्याकाळना आहे. फक्त तो फायदा पहिल्या दोन वर्षांत मिळून संपलेला होता.

गुरुजींचं म्हणणं

दादरच्या गुरुजींशी मी फोनवर बोलले. त्यांचं निदान दोन वाक्यांत: "हात पळतो. पण गायकाच्या मागे बसायला कान अजून शिकलेला नाही."

ज्यांना साथीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ख्यालाची साथ करताना पेटीवाल्यापुढे नोटेशन नसतं. गायक जे गाईल ते क्षणभर मागून उचलायचं, पुढे पळायचं नाही, पण इतकं मागेही राहायचं नाही की प्रतिध्वनी वाटेल. गायक श्वास घेतो तेवढ्या जागेत त्याचंच वाक्य हलक्या हाताने पुरं करायचं आणि तो परत येण्याआधी बाजूला व्हायचं. शिवाय पेटीचे स्वर ठरलेले. गायक मारव्याचा रिषभ जिथे लावतो तिथे पेटीवर पट्टीच नाही. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. तेव्हा कुठे वाजवायचं नाही, कुठला स्वर नुसता स्पर्शून सोडायचा, हे कळणं म्हणजे साथ. याच कारणांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं सरकारी स्टुडिओच्या दाराबाहेर राहिलेलं हे वाद्य मैफलीत टिकलं ते गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्यांच्या हातांमुळे. बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

तर गुरुजींना हवं होतं ते इतकंच: मुलगा आठवड्यातून दोन दिवस यावा, त्यांच्या शेजारी बसावा, त्यांच्याकडे येणाऱ्या गायकांच्या रियाजाला वाजवावं, आणि उरलेले दिवस घरी तीन-साडेतीन तास एका रागाला द्यावेत. फीचा प्रश्न त्यांनी "बघू नंतर" म्हणून टोलवला. त्यांचं वय पाहता हे किती वर्षं शक्य आहे, हा प्रश्न कोणी विचारला नाही, पण सगळ्यांच्या मनात होता. अभियांत्रिकी करून चार वर्षांनी येतो, असं म्हणण्याची सोय इथे नव्हती.

समोर असलेले रस्ते

वडिलांचा कल अर्थातच अभियांत्रिकीकडे. "डिग्री हातात असू दे, पेटी काय, शनिवार-रविवार आहेच." त्यांच्याकडे गाणाऱ्यांची उदाहरणंही तयार होती. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली. वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गात होते. प्रभा अत्रे विज्ञान आणि कायद्याच्या पदवीधर. खरीच आहेत ही नावं, आणि ती सांगणाऱ्या पालकांना मी कधी खोडून काढत नाही. एवढंच विचारते की गुरू कुठे होता? अश्विनीताईंची आई माणिक भिडे हीच त्यांची गुरू. प्रयोगशाळेतून घरी आलं की तालीम घरातच. या मुलाचा गुरू दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, आणि अभियांत्रिकीची हजेरी, प्रॅक्टिकल, सबमिशन आठवड्याचे सहा दिवस. शनिवार-रविवार उरतो म्हणावं तर कार्यक्रमही नेमके त्याच दोन दिवशी असतात. या रस्त्यात चार वर्षांनी काय झालं असतं ते मला स्पष्ट दिसत होतं. तालीम सुटली असती, लेहरा आणि भावगीतं चालू राहिली असती, कारण त्यांचे पैसे मिळतात आणि त्यांना तयारी लागत नाही.

दुसरा रस्ता पुण्याचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीने संगीताची पदवी करता येते. ज्याला गुरू मिळालेला नाही अशा मुलाला मी डोळे झाकून असा अभ्यासक्रम सुचवते. पदवीची वर्षं सकाळ-संध्याकाळ त्याच वातावरणात जातात, नाटकवाले आणि नाचवाले शेजारी असतात, आणि पुण्यात ऐकायला मिळतं ते दुसरीकडे नाही. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव हाकेच्या अंतरावर. पण नाशिकहून पुण्याला सोयीची थेट रेल्वे नाही. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत बसने पाच तास. पुण्यात राहायचं म्हटलं तर दादर आणखी अवघड. गुरू बदलावा लागला असता, आणि मिळालेला गुरू सोडून संस्था धरायची हे मला पटेना. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीचाही विषय निघाला. १९७७ पासून तिथे निवडक विद्यार्थ्यांना आवारात ठेवून गुरुशिष्य पद्धतीने शिकवतात. ख्याल गाणारी मुलगी समोर असती तर मी तिथे अर्ज करायलाच लावला असता.

नोकरीची दारं आईला जाणून घ्यायची होती. तीही मोजकीच, पण आहेत. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिकला संगीत शिक्षकाचं पद असतं, नवोदय विद्यालयांत असतं, आणि नाशिकमधल्या मोठ्या खाजगी शाळा संगीत शिक्षक ठेवतात. महाविद्यालयात शिकवायचं तर संगीतात एम. ए. आणि मग नेट ही पात्रता परीक्षा. नेटला संगीत हा स्वतंत्र विषय आहे, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पीएच. डी.ची पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार मिळतात. पोरांना हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

शिष्यवृत्त्यांचं सांगायचं तर सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती वय १८ ते २५ साठी आहे. दोन वर्षं, महिन्याला ५ हजार रुपये, अट अशी की गुरूकडे किमान पाच वर्षांचं शिक्षण झालेलं हवं. पुढे २५ ते ४० वयाला कनिष्ठ फेलोशिप असते, तिचे महिन्याला १० हजार. लहान मुलांसाठी सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षांत असते. ती या मुलाच्या वेळी कोणाला माहीतच नव्हती, वय निघून गेलं. आकाशवाणीची संगीत स्पर्धा १६ ते २४ वयासाठी असते. ध्वनिचाचणी दिलेल्या कलाकारांना बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी मिळतात, आणि आयोजकाला दाखवायला आजही त्या कागदाचं वजन आहे.

एक वेगळाच रस्ता मुलानेच सुचवला: पेटी दुरुस्ती. नाशिकमध्ये पेटी उघडून सूर लावणारे हात फार थोडे. त्याने आजोबांची पेटी स्वतः उघडून साफ केली होती, खर्ज-नर-मादीच्या सुरांच्या पट्ट्या काढून, कानस मारून, परत बसवून. गुजरातमधल्या पालिताण्याचे जुने सूर आणि नवे सूर यातला फरक त्याला बोटाने कळतो. वडील टूलरूमचे, त्यांचे डोळे इथे पहिल्यांदा चमकले. "कानस कुठली वापरलीस?" असं त्यांनी विचारलं आणि पुढची दहा मिनिटं बापलेक आमच्याशी बोललेच नाहीत.

मध्येच थोडं नाशिकबद्दल

गाण्यावर पोट भरेल का, हा प्रश्न या गावाला नवा नाही. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाश्रयाविना, वर्गण्या आणि जलशांच्या पैशावर. गाणाऱ्याने संस्थानिकाच्या दारात उभं राहायचं किंवा उपाशी राहायचं, या दोन्हींतून त्यांनी तिसरी वाट काढली: शिकवण्याची, परीक्षेची, छापील पुस्तकांची. पुढे मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली आणि ते नाशिकला आले, इथे रामनाम आधार आश्रम काढला. त्यांचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, १९२१ मध्ये नाशिकमध्येच जन्मला. दहा वर्षांचा असताना वडील गेले. पुढची तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनी दिली. म्हणजे बापाने उभी केलेली शिक्षकांची फळी मुलाला कामी आली. आज आपण विशारद म्हणतो ती परीक्षा घेणारं मंडळ विष्णु दिगंबर गेल्यावर, १९३१ मध्ये, त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलं. करिअर हा शब्द कोणी वापरत नव्हतं तेव्हा या लोकांनी करिअरची सोय करून ठेवली.

त्या सोयीचा आज एक तोटाही झालाय. विशारद झालं की घरच्यांना वाटतं शिक्षण संपलं. मुळात विशारद म्हणजे गुरूने शिकवायला सुरुवात करावी इतपत तयारी.

काय ठरलं

तीन बैठका झाल्या. शेवटच्या बैठकीत वडिलांनी अटी कागदावर लिहिल्या, टूलरूममध्ये जॉबकार्ड लिहितात तशा, ओळीखाली ओळ.

अभियांत्रिकीचा प्रवेश घ्यायचा नाही. पदवी मात्र हवीच. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी. ए. करायचं. विद्यापीठ इथलंच, हजेरीची कटकट नाही. "मुक्तची डिग्री चालते का?" ही शंका आईला होती. चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे, स्पर्धा परीक्षा देता येतात. संगीतात एम. ए. करायचं झालं तर काही ठिकाणी कुठल्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेशपरीक्षेतून घेतात. त्या त्या वर्षीची माहितीपत्रिका बघूनच पाऊल टाकायचं, एवढं मी बजावलं.

बुधवार आणि गुरुवार मुंबई. सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी, बुधवारी रात्री कल्याणला मावशीकडे मुक्काम, गुरुवारी रात्री परत. पेटी न्यायची नाही, गुरुजींकडचीच वाजवायची. पंधरा किलोचा स्केलचेंजर, म्हणजे पट्टी बदलता येणारी पेटी, घेऊन पासधारकांच्या डब्यात चढायची कल्पना फक्त ज्याने ती गाडी पकडलेली नाही त्यालाच सुचेल.

लेहरा आठवड्याला सहा तास, त्याहून जास्त नाही. यावर सगळ्यात जास्त वाद झाला, आणि तो मुलानेच घातला. कथकच्या बाईंनी त्याला सातवीपासून सांभाळलेलं, त्यांना नाही कसं म्हणायचं? मी सुचवलं की धाकट्या एका मुलाला त्याने स्वतः लेहऱ्याला तयार करावं आणि बाईंना तो द्यावा. भावगीतांचा ग्रुप सोडायचा. भजनाचे कार्यक्रम महिन्याला दोन, कारण ते आजोबांच्या मंडळाचे. उत्पन्न पंचवीसवरून दहा हजारांच्या आसपास येणार होतं आणि त्यातूनच प्रवास, फी, वरखर्च भागवायचा. घरखर्चाला त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. ही ओळ आईने लिहायला लावली. माझ्या मते त्या कागदावरची सगळ्यात मोलाची ओळ तीच. एकदा पोराची कमाई किराण्यात मिसळली की ती परत वेगळी काढता येत नाही, आणि मग रियाजासाठी काम सोडणं हे घराच्या तोंडचा घास काढणं ठरतं.

अडीच वर्षांनी पुन्हा सगळ्यांनी बसायचं. तोवर "काय ठरवलंस?" हा प्रश्न घरात कोणी विचारायचा नाही.

पुढे झालेलं

पहिले सहा महिने वाईट गेले. ज्या मुलाला दर आठवड्याला टाळ्या मिळत होत्या त्याला दादरला एका कोपऱ्यात बसून यमनमध्ये फक्त निषाद कधी सोडायचा हे शिकायचं होतं. गुरुजींनी तीन महिने त्याला एकही तान वाजवू दिली नाही. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, मित्र कार्यक्रम करत होते, मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ येत होते. एकदा तो मला म्हणाला, "ताई, मी आधी चांगला वाजवायचो." काही अंशी ते खरंही होतं. हात बदलत असताना मधला काळ असाच बेसूर जातो. मी त्याला फार समजावलं नाही, माझ्या विद्यार्थिनीच्या रियाजाला बसवलं.

दोन वेळा अट मोडली. दिवाळीत पाडवा पहाटेच्या मोसमात त्याने सलग आठ कार्यक्रम घेतले आणि दोन आठवडे मुंबई चुकवली. दुसऱ्यांदा लग्नसराईत. गुरुजी रागावले नाहीत, फक्त पुढच्या वेळी त्याला बसवून दुसऱ्या शिष्याला शिकवत राहिले. त्याला तेवढं पुरलं.

शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्या वर्षी गेला, निवड झाली नाही. दुसऱ्या वर्षी झाली. महिन्याचे ५ हजार आले आणि लेहरा सहा तासांवरून तीनवर आला. लेहऱ्याला तयार केलेला धाकटा मुलगा आता त्या वर्गात कायमचा बसतो आणि त्याच्या फळीवर नववीचं गणित असतं.

मुंबईत गुरुजींच्या घरी येणाऱ्या तरुण गायकांपैकी दोघींनी त्याला साथीला बोलवायला सुरुवात केली. एकीबरोबर तो ठाण्याला वाजवून आला, एकीबरोबर नाशिकमध्येच कुसुमाग्रज स्मारकात. तिथे मी होते. विलंबितात त्याने जवळजवळ काहीच वाजवलं नाही असं मागे बसलेल्या एका गृहस्थांना वाटलं, आणि ते मध्यंतरात तसं म्हणालेही. वडील माझ्या शेजारी होते. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, पण मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा गुरुजींच्या दुसऱ्या वाक्याची आठवण झाली नाही.

मानधनाचं म्हणाल तर शास्त्रीय साथीचे पैसे लेहऱ्यापेक्षा बरे, पण कार्यक्रम थोडे. एका मैफलीचे चार-पाच हजार मिळाले तरी महिन्यात दोनच मैफली असतात, आणि पावसाळ्यात तेही नाही. पेटी दुरुस्तीतून दरमहा दोन-तीन गिऱ्हाइकं येतात. वडिलांनी गॅलरीत त्याला एक छोटा व्हाइस बसवून दिलाय आणि सुट्टीच्या दिवशी तेच भाते तपासतात. सगळं मिळून उत्पन्न अडीच वर्षांपूर्वीच्या आकड्याला अजून पोहोचलेलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा प्रकरणांच्या शेवटी लोकांना आकडा वाढलेला बघायची सवय असते. त्याच्याबरोबर बारावी झालेले मित्र आता अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि कॅम्पसच्या तयारीला लागले आहेत. तासांची वही मात्र पालटली आहे: महिन्याला साधारण नव्वद तास रियाज आणि तालीम, तीस तास कमाईचं काम.

आता अडलंय ते इथे

ठरल्याप्रमाणे सगळे पुन्हा बसलो. बी. ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे. गुरुजींची तब्येत आता तोळामासा, आठवड्याचे दोन दिवस कधी एकावर येतात. त्यांचंच म्हणणं असं की मुलाने मुंबईत राहावं, कारण साथीची कामं आयत्या वेळी येतात आणि "नाशिकहून निघतो" म्हणणाऱ्याला कोणी थांबत नाही. मुंबईत राहायचं तर भाड्याच्या खोलीतला वाटा, जेवण, प्रवास धरून महिन्याला किमान पंधरा-सोळा हजार. शिष्यवृत्तीही दोनच वर्षांची आहे. आईचं मत शाळेतली नोकरी धरावी आणि नाशिकमध्ये राहून एम. ए. करावं. एका शाळेतून विचारणाही झालेली आहे, महिना अठरा हजार, सकाळी साडेसात ते दोन.

मी मुंबईच्या बाजूची आहे, निदान दोन वर्षांपुरती. साथीदाराची ओळख शेजारी बसूनच होते आणि ते वय हेच आहे. शाळेची नोकरी तिशीतही मिळेल, एम. ए. नंतर तर जास्त सहज. पण खोलीचं भाडं भरायला मुंबईत तो पुन्हा लेहऱ्याचे पन्नास तास घेणार असेल तर नाशिकची शाळा त्याहून बरी, कारण दुपारी दोननंतरचा दिवस तरी त्याचा असेल. म्हणून मी त्याला दोन्हीकडची वही आधी कागदावर मांडायला सांगितली आहे: मुंबईत कुठली कामं, किती तास, कुठल्या दराने, आणि त्यात रियाजाला काय उरतं. वडिलांनी एक वर्षाच्या भाड्याची तयारी दाखवली आहे, त्यापुढे नाही. शाळेला मार्चअखेर कळवायचं आहे.